कोपऱ्यातला तडा

पक्कड हाताशी नसली की आपण तार पुढेमागे वाकवत बसतो. पाच-दहा वेळा काही होत नाही आणि मग ती कटकन तुटते. याला म्हणतात धातूचा थकवा. 1954 साली एका विमानात हाच थकवा शोधायला ब्रिटनने अर्धे वर्ष घालवले.

विमान होते डी हॅविलंडचे कॉमेट, जगातले पहिले प्रवासी जेट. 2 मे 1952 ला लंडन-जोहान्सबर्ग सेवा सुरू झाली. बरोबर वर्षाने, 2 मे 1953 ला, कोलकात्याहून दिल्लीकडे निघालेले कॉमेट कोसळले. 43 जण गेले आणि खापर वादळावर फुटले. 10 जानेवारी 1954 ला रोमहून उडालेल्या दुसऱ्या कॉमेटचे एल्बा बेटाजवळ हवेतच तुकडे झाले. या वेळी 35 बळी गेले. उड्डाणे थांबली, दुरुस्त्या झाल्या, 23 मार्चला पुन्हा सुरू झाली आणि 8 एप्रिलला तिसरे विमान नेपल्सजवळ समुद्रात गेले.

आता काम फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्राकडे आले. प्रमुख होते आर्नल्ड हॉल. नेपल्सजवळचा समुद्र सुमारे हजार मीटर खोल, तिथे हात टेकले. एल्बाजवळ मात्र नौदलाने पाण्याखाली टीव्ही कॅमेरा सोडून अवशेष उचलले, आणि लाकडी सांगाड्यावर ते विमान तुकड्या-तुकड्याने पुन्हा उभे राहू लागले. मृतदेह तपासणाऱ्या पिसाच्या डॉक्टरांना फुप्फुसे फाटलेली दिसली होती. म्हणजे केबिनमधला दाब क्षणात निघून गेला होता. पण आधी फुटले काय?

उत्तरासाठी हॉल यांच्या माणसांनी एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवले. पंख तेवढे दोन्ही बाजूंनी बाहेर. विमानात हवा भरून दाब वाढवला असता तर ते बॉम्बसारखे फुटले असते आणि पुरावाच उडाला असता. पाणी दाबले जात नाही, म्हणून तडा गेला की दाब लगेच उतरतो आणि तडा जागच्या जागी राहतो. पंप दाब वाढवत, उतरवत. जॅक पंख हलवत. काही मिनिटांत एक ‘उड्डाण’, असे रात्रंदिवस. जूनच्या अखेरीस दाब एकदम घसरला. पाणी काढून पाहतात तो खिडकीच्या कोपऱ्यापासून पत्रा फाटत गेलेला. त्या विमानाची आधीची खरी उड्डाणे आणि टाकीतली मिळून हिशेब तीन हजारांच्या आसपास भरला. एल्बाचे विमान 1,290 उड्डाणांतच गेले होते.

मला स्वतःला या प्रकरणात खरा धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीने. कंपनीने थकव्याची चाचणी घेतलीच नव्हती असे नाही. घेतली होती, आणि केबिनचा नमुना सुमारे 16,000 फेऱ्या टिकला होता! मग विमान हजार-बाराशेत कसे जाते? तर तोच नमुना त्याआधी मजबुती तपासायला नेहमीच्या दुप्पट दाबापर्यंत ताणलेला होता. त्या ताणाने कोपऱ्यांवरचा धातू किंचित पसरून बसला आणि पुढच्या फेऱ्या त्याला हलक्या गेल्या. प्रवाशांच्या वाट्याला आलेल्या विमानांना असा ताण कुणी दिलाच नव्हता. परीक्षेला बसवलेला विद्यार्थी वेगळा आणि नोकरीवर पाठवलेला वेगळा, असा प्रकार. शिवाय कोपऱ्यांवरचा प्रत्यक्ष ताण कंपनीच्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला.

तरी टाकीतले विमान म्हणजे एल्बाचे विमान नव्हे. शेवटचा दुवा समुद्रातूनच यायचा होता. छपराचा एक तुकडा वर आला. दिशाशोधक रेडिओच्या एरिअलसाठी छपरात चौकोनी खिडक्या ठेवल्या होत्या, त्यांच्याभोवतीचा तो पत्रा. (प्रवाशांच्या खिडक्यांमुळे विमान पडले असे अजूनही ठोकून दिले जाते, एल्बाला सुरुवात झाली ती इथून.) खिडकीच्या कोपऱ्याजवळच्या एका भोकापाशी थकव्याची खूण स्पष्ट होती.

तो तुकडा आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.