अनेकांची मागणी, एक आवाज

यंत्र घरी आणले म्हणजे ते राबविण्याची विद्याही आपोआप हाती येते असे नाही. १९५५ साली आय.बी.एम.चा ७०४ हा संगणक घेणाऱ्या अमेरिकेतील संस्थांपुढे हाच प्रश्न उभा होता. एकच आज्ञावली प्रत्येकाने निराळी लिहीत बसावे, यात श्रमांचा अपव्यय होता. म्हणून लॉस एंजेलिस परिसरातील अशा संस्था एकत्र आल्या आणि 'शेअर' ही संघटना जन्मास आली.

आरंभी येथे आज्ञावलींची देवघेव होई. पुढे निर्मात्यापुढे एकमुखाने मागणी मांडण्याची प्रथा रूढ झाली. एकट्या ग्राहकाचे गाऱ्हाणे कंपनीला सहज दूर सारता येते. अनेकांचे तसे सारता येत नाही. परंतु नुसती संख्या पुरत नाही. सभासदाने आपली अडचण कोणती आणि तिने काम कोठे अडते हे लेखी मांडावयाचे. इतरांनी ते पारखावयाचे, सारख्या मागण्या एकत्र करावयाच्या, मतदानाने त्यांचे महत्त्व ठरवावयाचे आणि मग कंपनीकडून उत्तर मागावयाचे, अशी ही रीत होती.

या पारखीचे मोल काय? १९६३ मध्ये शेअर व आय.बी.एम. यांच्या संयुक्त समितीने फोर्ट्रान भाषेच्या सुधारणेचे काम हाती घेतले. त्यातून पी.एल. वन ही नवीच भाषा निघाली. शास्त्रीय व व्यापारी, दोन्ही गरजा तीत सामावल्या. पण ती इतकी विस्तारली, की १९७२ च्या ट्यूरिंग व्याख्यानात डायक्स्ट्रा यांनी तिच्यावर कठोर टीका केली. तात्पर्य, मागणाऱ्यांच्या समूहाला मागण्याइतकेच वगळण्याचेही शास्त्र अवगत असावे लागते.