रिकाम्या खोंडाचे उद्योग

करवीर-कागलच्या ऊसपट्ट्यात दोन म्हशींशेजारी एखादा खिलार खोंड हौसेने बांधलेला असतो. मोट गेली, नांगर ट्रॅक्टरला जुंपला गेला, गायरानं आक्रसली. शर्यतीचे दिवस सोडले तर या धिप्पाड जनावराला कामच नाही. मग तो गव्हाणीची वीट काढतो, पाण्याचं बॅरल उलथतो, खुंटा हलवून हलवून उपटतो. मालक म्हणतो, ‘‘माजलाय.’’ बहुतेक वेळा तो नुसता कंटाळलेला असतो.

मोकळं सोडलेलं जनावर दिवसाचे आठेक तास चरतं आणि जवळपास तितकाच वेळ रवंथ करतं. दावणीला पेंड-भुसा घटकाभरात संपतो; पोट भरतं, पण तोंडाला चाळा उरत नाही. काही जनावरं मग जीभ बाहेर काढून नुसती गोल फिरवत बसतात. म्हणून कडबा एकदम न टाकता चार वेळा विभागून द्यावा, किंवा मोठ्या विणीच्या जाळीत भरून टांगावा, म्हणजे एकेक काडी ओढून खावी लागते.

दुसरी गरज अंग घासण्याची. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये गायींपुढे वजन लावलेलं फाटक ठेवलं. ताज्या वैरणीसाठी गायी जेवढा जोर लावत, तेवढाच त्यांनी पलीकडच्या ब्रशसाठी लावला! आपल्याकडे खांबाला घट्ट बांधलेला खराटा आणि खोल पुरलेला बाभळीचा ओंडका पुरे. ओंडका शिंगं घासायलाही होतो. टायर टांगायचा तर त्यातली तार बाहेर आलेली नसावी.

सोबतही हवी. एकट्याने वाढवलेला खोंड मोठेपणी माणसालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येण्याचा धोका जास्त. लहानपणी त्याच्याशी डोक्याला डोकं लावून खेळणं म्हणजे मारकेपणाची शिकवणीच.

मात्र प्रत्येक खोडी कंटाळ्याची नसते. सारखी माती चाटत असेल तर क्षारांची कमतरता असू शकते, पशुवैद्यकाला दाखवा. मान खाली घालून, अंग आडवं करून डुरकत माती उकरू लागला, तर ती धमकी आहे. तिथे काठी उगारू नये, पाठही फिरवू नये. नजर ठेवून मागे सरावं.

पैदाशीला ठेवायचा नसेल, तर खच्चीकरण लहानपणीच पशुवैद्यकाकडून करून घ्यावं. मारकेपणा अंगात मुरल्यावर केलं, तर जुनी खोड बऱ्याचदा तशीच राहते.