शिवसागरावरची सहल आणि पाण्याखाली गेलेला हक्क

सातारा जिल्ह्यातील बामणोली, तापोळा ही गावे आज सहलीची ठिकाणे म्हणून ओळखली जातात. सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईच्या गाड्या घाट उतरून येतात. लोक बोटीत बसतात, वासोट्याच्या पायथ्यापर्यंत फेरी मारतात, फोटो काढतात आणि परत जातात. २०२४ साली जावळी तालुक्यातील मुनावळे येथे शासनाने जलपर्यटन केंद्रही सुरू केले. जाहिरातीत या भागाला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात. परंतु शिवसागर जलाशय हे निसर्गाने दिलेले सरोवर नव्हे. कोयना नदी अडवून ते भरले आहे, आणि जिथे ते भरले तिथे माणसे राहत होती.

१९५०च्या दशकात कोयना धरणाचे काम सुरू झाले आणि १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. सुमारे १०५ टीएमसी पाणी साठवणाऱ्या आणि १,९६० मेगावॅट वीज देणाऱ्या या प्रकल्पाने महाराष्ट्राचे कारखाने चालवले. त्यासाठी जवळजवळ शंभर गावे उठली. काही लोक डोंगरात वर सरकले, तर काहींना सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगावे लागले. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे पाणी आधी भरले आणि कायदा मागाहून आला! म्हणूनच २०१८ साली, धरण होऊन अर्धे शतक उलटल्यावरही, प्रकल्पग्रस्तांना कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले.

आता आपल्या वाचकांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. बुडालेल्या गावाचा हिशेब कशावरून झाला? सातबाऱ्यावरून. ज्याच्या नावावर जमीन तो खातेदार, आणि खातेदाराचे नुकसान तेवढे नुकसान. पण ज्याच्याकडे सातबाराच नव्हता, जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याने काय दाखवायचे? बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. वतनाच्या जमिनी रक्कम भरून पुन्हा नावावर करून घ्यायच्या, असे त्यात होते. ज्या वर्षांत वतनदार महाराला जमिनीवर आपले नाव लावून घ्यायचे होते, त्याच वर्षांत कोयना खोऱ्यात गावे उठत होती. कागदाशी ज्याची ओळखच नव्हती, त्याची बाजू या दोन्हींच्या मध्ये किती दुबळी पडली असेल हे सांगायला नको.

पाणी आणि जात यांचा संबंध सातारा जिल्ह्याला नवा नाही. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. त्यांचे वडील रामजी खटाव तालुक्यात एका कामावर रोखपाल होते. दुष्काळात मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव बांधत होते. १९०१ च्या सुमारास बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच कोणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर प्रवास झाला. बरोबर खायला होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. मुले उपाशी झोपली. जिथे तलाव बांधला जात होता, तिथे निघालेली मुले तहानेने व्याकूळ झाली! पाणी साठवल्याने ते सर्वांचे होत नाही, हे या जिल्ह्याने तेव्हाच दाखवून दिले. महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला तो याच तहानेतून.

हाच माणूस १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाला आणि दामोदर, हिराकूड यांसारख्या बहुउद्देशीय नदी योजनांचा पाया घातला. तेव्हा आंबेडकरी माणूस धरणाच्या विरोधात नाही. वीज हवी, सिंचन हवे आणि पर्यटनही हवे. आमचा प्रश्न वाटपाचा आहे.

कोयनेच्या काठावर राहिलेल्यांवर दुसरे संकटही आले. १९८५ साली कोयना अभयारण्य झाले. चांदोलीत वारणेच्या धरणाने गावे उठवली होतीच. तिथे २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. एकदा धरणाने उठवले, पुन्हा जंगलाने उठवले. आता त्याच काठावर ‘नवीन महाबळेश्वर’ उभारण्याची योजना पुढे आली आहे. गावकऱ्याने सरपण आणले की तो गुन्हा, आणि शहरी पाहुण्यासाठी त्याच डोंगरात हॉटेल उभे राहिले की तो विकास! ही कुठली नीती?

याला दुसरा मार्ग नाही असे कोणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात येरळा नदीवर ‘बळीराजा’ धरण स्वतः उभे केले. त्यासाठी नदीतली वाळू विकून पैसा जमवला. धरण लहान, पण त्यामागचे तत्त्व मोठे होते. पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे तर घरटी वाटावे आणि भूमिहीनालाही त्यात वाटा असावा. म. फुल्यांच्या बळीराजाचे नाव त्या धरणाला शोभले ते यामुळेच.

शिवसागरावरही हेच तत्त्व लागू झाले पाहिजे. बोटींचे परवाने, तिकीटघर, दुकाने आणि नोकऱ्या यांवर पहिला हक्क प्रकल्पग्रस्तांच्या सहकारी संस्थांचा असावा, आणि त्या संस्थांत भूमिहीनांची नावे खातेदारांच्या बरोबरीने असावीत. पर्यटनाच्या उत्पन्नातून ठरलेला हिस्सा पुनर्वसित वसाहतींना मिळावा. बुडालेल्या प्रत्येक गावाची, गावकुसाबाहेरच्या घरांसकट, नोंद काठावर लावावी.

उन्हाळ्यात पाणी उतरले की जलाशयातून जुनी जोती वर येतात. पर्यटकाला ती फोटोपुरती गंमत वाटते. कार्यकर्त्यांनी मात्र त्या जोत्यांचे वारस शोधावेत, त्यांचे कागद गोळा करावेत आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांची यादी आधी करावी. ती यादी हातात असेल तरच आपला मोर्चा कलेक्टर कचेरीवर काही मागू शकेल.