निम्मा मसाला

"तिखट बंद करा," असं डॉक्टर म्हणाले आणि आमच्या घरात तीन दिवस अबोला झाला.

सासूबाईंचं आम्लपित्त फारच बळावलं होतं. पथ्य म्हणून मी आमटीतला कांदा-लसूण मसाला निम्म्यावर आणला, तर त्यांनी ताटच सरकवलं. "माझ्या हाताला नावं ठेवायची असली तर तोंडावर ठेव," म्हणाल्या. माझं माहेर पुण्याचं, गोड्या मसाल्याचं आणि गुळाच्या खड्याचं. सासर सांगली जिल्ह्यातलं, जत तालुक्याचं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मामंजींनी माझ्या आमटीला 'आजाऱ्याचं जेवण' म्हटलं होतं, ते मी विसरले नव्हते. खरं सांगू? त्या निम्म्या मसाल्यात थोडा सूडही होता.

आचोळ्याला आमच्या इमारतीत कोल्हापूर, खानदेश, नागपूर, सगळीकडची बिऱ्हाडं आहेत. मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळत पडतात आणि जिना चढताना ठसका लागतो. काही माणसांना इतकं तिखट का लागतं? 'उष्ण हवा, घाम येऊन अंग निवतं' हे उत्तर मीही शाळेत मुलांना दिलं आहे. पण मग उन्हात होरपळणाऱ्या गुजरातेत वरणात गूळ कसा? दुसरं उत्तर असं की मसाल्याने अन्न टिकतं. लसूण, लवंग, दालचिनी जंतूंची वाढ रोखतात हे खरं, आणि 1998 साली शर्मन आणि बिलिंग या अमेरिकन संशोधकांनी 36 देशांतल्या पाककृती तपासून तसंच मांडलं होतं. परंतु 2021 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा मसालेदार जेवणाचं नातं उष्णतेपेक्षा गरिबीशी अधिक जुळलं. (तरी रात्रीचा रस्सा तिखट आहे म्हणून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका हं!)

मिरची मुळात आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. आमच्या वसईवर 1534 पासून 1739 पर्यंत त्यांचंच राज्य होतं. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. मिरी विकत घ्यायची वस्तू. मिरची मात्र बांधावर, परसात कुठेही लावावी. गरिबाला फुकटात चव मिळाली.

हे सगळं मी जेवताना मुलीला सांगत होते. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. गरिबीचं नाव काढल्यावर मात्र वळल्या.

"72 च्या दुष्काळात नवी नवरी होते मी. रोजगार हमीच्या खडीवर जायचो. मिलोची लाल भाकरी, ती घशाखाली उतरंना. भाजी कुठनं आणायची? ठेचा लावायचा, वर तांब्याभर पाणी प्यायचं. पोट भरल्यागत व्हायचं बघ."

मी हातातला घास तसाच ठेवला. इतकी वर्षं मी ज्याला जिभेची खोड समजत होते, ती त्यांची भाजी होती.

पथ्य तर पाळायलाच हवं होतं. मग आम्ही दोघींनी मिळून मसाला बदलला. संकेश्वरी मिरची काढून टाकली आणि सगळी ब्याडगी घेतली. तिचा रंग लालभडक पण जाळ कमी. मिरचीचा जाळ बियांत असतो असं आपण समजतो, परंतु बिया ज्या पांढुरक्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, तिथे तो सर्वांत जास्त. म्हणून मिरच्या उभ्या फोडून तो गाभा बियांसकट झटकला. सुकं खोबरं, तीळ, धणे वाढवले. कांदा तेलात चांगला लाल होईस्तोवर परतला. डंकावरून कुटून आणला तेव्हा वास अगदी जतचा! ताटात वाटीभर दही ठेवते. तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, त्यामुळे ठसका लागला की पाण्यापेक्षा दही-दूध बरं.

पहिल्या दिवशी आमटी वाढली. सासूबाईंनी भुरका मारला, थोडं थांबल्या.

"बरी झालीय," म्हणाल्या. "पण पाव्हणं आलं की माझ्या डब्यातलं घाल."

त्यांचा जुना डबा अजून वरच्या फळीवर आहे. हिंगाचा खडा घालून मीच झाकण घट्ट लावलं आहे.