मेख रशात आहे

अकोल्याच्या जठारपेठेतल्या चायनीजच्या गाडीवर मंचुरियन खाऊन वाढलेल्या माणसास चिनी अन्नाचा डुकराच्या मांसाशी काही संबंध असेल अशी शंका सहसा येत नाही, कारण त्या गाडीवरचा भक्ष्याभक्ष्यविचार 'व्हेज की चिकन' एवढ्या एका प्रश्नात आटोपतो. आणि म्हणूनच हा वऱ्हाडी गृहस्थ जेव्हा तैपेईस किंवा शांघायला जातो आणि बांबूच्या करंडीत वाफाळणारे, उकडीच्या मोदकासारख्या चुण्या घालून मिटलेले श्याओलाँगबाओ त्याच्यापुढे येतात, तेव्हा 'सारण कशाचे?' एवढी चौकशी करून तो निर्धास्त होतो.

शांघायजवळच्या नानश्यांग गावी एकोणिसाव्या शतकात नावारूपास आलेल्या या पदार्थाची मेख सारणात नसून रशात आहे. पातळ पारीत रसा ओतून ती मिटणे अशक्य. म्हणून डुकराची कातडी आले व कांद्याची पात घालून तासन्‌तास उकळतात, गाळून निववतात, आणि थिजून वडीसारखा झालेला तो रसा बारीक चिरून खिम्यात मिसळतात. वाफेवर तो पुन्हा वितळतो. अर्थात, सारण कोंबडीचे असूनही रसा डुकराच्या कातडीचा असू शकतो, आणि वाढप्याने दिलेले 'चिकन' हे उत्तर खरे असूनही अपुरे ठरते. रसा कशाने थिजवला, याचा खुलासा मागावा.

खुद्द चीनमध्ये डुक्कर निषिद्ध मानणारा हुई मुसलमानांचा समाज शतकानुशतके नांदत असून त्यांच्या उपाहारगृहांवर 'छिंगझेन', म्हणजे हलाल, अशी पाटी असते. शिआन शहरातल्या त्यांच्या मोहल्ल्यात रसदार बाओ मिळतात, आणि तेही कोणाच्या सोयीखातर केलेली तडजोड म्हणून नव्हे, तर त्यांचा स्वतःचा पिढीजात जिन्नस म्हणून. परंतु तिथे गोमांसाचा दस्तूर मोठा. तेव्हा दोन्ही वर्ज्य असणारा आपला माणूस आगीतून निघून फुफाट्यात पडतो. बकऱ्याच्या मांसाचे बाओ मागितले तरी रसा कोणत्या हाडांचा, हे विचारणे आलेच.

त्याची खरी सोय आग्नेय आशियात होते. तैपेईस 1958 साली तेलाचे दुकान म्हणून निघालेल्या आणि पुढे अठरा चुण्यांच्या बाओसाठी ख्याती पावलेल्या दिन ताइ फुंग या उपाहारगृहाने इंडोनेशिया व मलेशियात डुकराविना चालणाऱ्या शाखा काढल्या आहेत. मात्र सगळ्याच शाखा तशा नसल्याने दारावरची पाटी वाचूनच आत शिरावे. डुक्कर नसल्याने रशाचे अडत नाही; कोंबडीच्या पायांतही रसा थिजवणारे द्रव्य भरपूर असल्याने तिच्या रशास ओठांना चिकटणारा तो दाटपणा येऊ शकतो.

निरामिष माणसाने तैवान गाठावे. तिथल्या बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असून, पाकीटबंद शाकाहारी जिन्नसांवर पाच वर्गांपैकी आपला वर्ग छापण्याचा सरकारी दंडक आहे. चातुर्मास पाळणाऱ्यास याहून अधिक काय हवे! शाकाहारी बाओत रसा समुद्रशैवालाच्या अगर-अगरने थिजवता येतो. तो पाणचट लागतो, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. शिवाय अगर कोमट होताच पुन्हा थिजू लागते. तेव्हा बाओ शेंड्याला धरून चमच्यात घ्यावा, पारीस छिद्र पाडून आधी रसा प्यावा, मग आल्याच्या किसासह काळ्या सिरक्यात बुडवून उरलेला खावा, आणि छायाचित्रे काढण्याचा कार्यक्रम दुसऱ्या करंडीसाठी राखावा.