दुधातल्या पुडीने आमवात जाईल काय?



गटसभेच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते. ऊसबिलाच्या गप्पा संपल्या की बोलणे हटकून सांध्यांवर येते. ‘घरच्यांची बोटं आखडतात, दुधातून पुडी चालू केलीय,’ असे कोणीतरी सांगतोच. ही पुडी ड जीवनसत्त्वाची, ६०,००० युनिटची. पुडी वाईट नाही. पण आमवाताचा भार तिला पेलणारा नाही.

गुडघ्याची झीज निराळी आणि आमवात, म्हणजे डॉक्टरांचा ऱ्हुमॅटॉइड, निराळा. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरीचे पीठ मळवत नाही. पुरुषांपेक्षा बायकांत हा रोग दोन-तीन पट अधिक. म्हणून गडीमाणसाने निर्धास्त राहू नये. विडी-सिगारेटने धोका वाढतो.

अमेरिकेत आयोवा राज्यातील ५५ ते ६९ वयाच्या २९ हजारांवर स्त्रियांची ११ वर्षे पाहणी झाली. ड जीवनसत्त्व जास्त घेणाऱ्यांत आमवात कमी दिसला; हे २००४ साली छापून आले. पुढे तिथल्याच परिचारिकांच्या पाहणीत मात्र तसे आढळले नाही. २०२२ साली २५,८७१ स्त्री-पुरुषांवरील प्रयोगाचा निकाल आला. सुमारे पाच वर्षे रोज २,००० युनिट घेणाऱ्यांत अशा उलटणाऱ्या रोगांचे एकूण प्रमाण २२ टक्क्यांनी कमी भरले. पण आमवाताचे रुग्ण इतके थोडे, की त्यावर ठाम बोलता येईना. शिवाय ही सारी गोष्ट रोग टाळण्याची, झालेला बरा करण्याची नव्हे.

‘आम्ही तर दिवसभर उन्हातच!’ खरे आहे. पण खुरपणीला निघालेल्या बाईकडे पाहा : साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडके. ऊन अंगाला लागतंय कुठं? तेव्हा रक्त तपासून कमतरता जरूर भरून काढावी, हाडांना ती लागतेच. मात्र आठवड्याची पुडी रोज घेतल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात.

सूज सहा आठवडे हटली नाही तर संधिवाताच्या डॉक्टरांना गाठावे. पहिले काही महिनेच मोलाचे. वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत. मेथोट्रेक्झेट दिले तर आठवड्यातून एकाच ठरल्या वारी घ्यावे, रोज घेणे जिवावर बेतते. आणि जाताना पुड्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत, आजवर किती पोटात गेल्या ते डॉक्टरांना कळेल.