गोळी आणि आपण (लेखांक ९) : झाडपाल्याची गोळी

ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातल्या एका एन्झाइमला कसा थोपवतो आणि त्यामुळे काही औषधं रक्तात गरजेपेक्षा जास्त कशी साठतात, ते आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. आजची वनस्पती बरोबर उलटं करते.

तिचं नाव सेंट जॉन्स वर्ट. युरोपात ती २४ जूनच्या सुमारास फुलते. गोव्यात सांजांव होतो तोही याच दिवशी, आणि संतही तोच. पान उजेडासमोर धरलं की सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात; त्या तेलाच्या बारीक ग्रंथी. पिवळी कळी चिमटीत चुरडली तर बोटं लाल होतात.

हे थोतांड नाही, हे आधीच सांगते. जर्मनीत डॉक्टर हिचा अर्क नैराश्यावर लिहून देतात, बहुधा ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्या तपासल्या गेल्या. औषधाचा आभास देणाऱ्या गोळीपेक्षा हा अर्क सरस ठरला. पण ज्याला गुण आहे, त्याला अवगुणही असणारच.

पहिली तक्रार बहुधा पोटाची: मळमळ, पोटदुखी, जुलाब, कुणाला बद्धकोष्ठता, तोंडाला कोरड. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. मनासाठी घेतलेली गोळी पोटाला जाणवते यात नवल नाही. हा त्रास सहसा सौम्य असतो.

खरा धोका जाणवतही नाही. अर्कातलं हायपरफोरिन पेशींना इशारा देतं की परकी रसायनं आली आहेत, बाहेर काढा. मग आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढतं, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंपही वाढतात. तुमची नेहमीची गोळी विरघळून आतड्याच्या पेशीत शिरते, तोच पंप तिला परत पोकळीत ढकलतो. जी निसटते तिचे तुकडे एन्झाइम करतं. गोळी तीच, वेळ तीच, रक्तात मात्र औषध अपुरं.

फेब्रुवारी २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये झुरिचच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकिकत मांडली. दोघांचंही हृदय प्रत्यारोपण झालेलं, दोघंही सायक्लोस्पोरिनवर, म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधावर. हा अर्क सुरू केल्यावर सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. त्याच अंकात एचआयव्हीवरच्या इंडिनाविर या औषधाचा अभ्यास होता: रक्तातलं एकूण प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलेलं.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन, हृदयासाठीचं डिगॉक्सिन आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचंही तेच. गोळी चुकवलेली नसताना गर्भ राहू शकतो. नैराश्याच्या इतर औषधांबरोबर मात्र उलटा धोका: सेरोटोनिनचा परिणाम बेसुमार वाढून घाम, थरथर, जुलाब, ताप, गोंधळलेपण.

'झाडपाल्याचं आहे, अपाय कसला?' या समजुतीनं डॉक्टरांपुढे हे सांगायचं राहून जातं, आणि मला काळजी वाटते ती याचीच. परदेशातून कुणी आणलेली, ऑनलाइन मागवलेली बाटली असेल, तर पुढच्या तपासणीला ती सोबत न्या. आणि परस्पर बंदही करू नका. अर्क थांबवल्यावर एन्झाइम पूर्ववत व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. अर्क चालू असताना वॉरफरिनचा डोस वाढवलेला असेल, तर रक्त गरजेपेक्षा पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो.